पाण्यावरचा बंब

आमच्या लहानपणी न्हाणीघराच्या दाराशी तांब्याचा एक उंच बंब उभा असे. मधल्या नळकांड्यात धुमसणारा विस्तव आणि त्या नळकांड्याला चहूबाजूंनी वेढून तापत राहिलेले पाणी, अशी अग्नी आणि जल या दोन वैरी तत्त्वांची त्यात एकाच भांड्यात वस्ती असे. रस्त्यावरून घंटा वाजवीत भरधाव जाणाऱ्या लाल गाडीलाही आम्ही बंबच म्हणत असू, आणि ती जिथे उभी राही ती जागा म्हणजे बंबखाना. या दोन वस्तूंना एकच नाव कसे, हा प्रश्न पुढे कधीतरी मनात आला, तेव्हा कोशाने त्याचे उत्तर दिले. हा शब्द पोर्तुगीजांचा. त्यांच्या भाषेत ‘बोंबा’ म्हणजे पाणी उपसण्याचा पंप, आणि जहाजाच्या तळात साचलेले पाणी ज्याने उपसावयाचे त्या यंत्रालाही दर्यावर्दी लोक हेच नाव देत. आज जमिनीवर इतका रुळलेला हा शब्द मुळात खारे पाणी पिऊन आलेला आहे. हा बंब पुन्हा पाण्यावर कसा गेला, तिथे त्याने काय साधले आणि मुंबईच्या गोदीत एका भयंकर दुपारी त्याच्या हाताबाहेर काय राहिले, हे सांगण्याचा येथे विचार आहे.

जहाजाला लागलेल्या आगीइतकी असहाय आग दुसरी नसेल. घराला आग लागली तर माणसे अंगणात पळतात, शेजारी घागरी घेऊन धावतात. जहाजाला अंगण नाही आणि शेजारही नाही. भोवती क्षितिजापर्यंत पाणी पसरलेले असते, परंतु ते उचलून आगीवर घालणारे साधन जवळ नसेल तर त्या पाण्याचा उपयोग फक्त बुडण्यापुरता. बंदरात उभ्या असलेल्या जहाजाची स्थिती याहून बरी असते असेही नाही. धक्क्यावरून येणारे बंब त्याच्या एकाच कुशीपर्यंत पोहोचतात आणि समुद्राकडची बाजू उघडीच राहते. धक्क्यावरची गोदामे पेटली तरी अडचण तीच, कारण त्यांचे तोंड जमिनीकडे असले तरी पाठ पाण्याकडे असते आणि आग पुष्कळदा पाठीकडूनच शिरते. या उघड्या बाजूसाठी बंब नावेत चढवावा, ही कल्पना ज्याला प्रथम सुचली त्याचे नाव इतिहासाच्या दप्तरात राहिलेले नाही. पण ती कोणाच्या पदरी सुचली हे मात्र ठाऊक आहे.

१६६६ सालच्या प्रचंड अग्निप्रलयानंतर लंडन शहरात विम्याच्या कंपन्या निघाल्या, आणि आपण विमा उतरविलेली इमारत जळू नये म्हणून त्यांनी स्वतःची बंबपथके बाळगावयास सुरुवात केली. या पथकांत थेम्स नदीवरचे नावाडी मोठ्या संख्येने असत, कारण ते अंगाने बळकट, पाण्याला सरावलेले आणि हाकेला हजर असे लोक होते. १७६५ साली ‘सन’ या विमा कंपनीने थेम्सच्या पात्रात हातपंप बसविलेली एक नाव ठेवली, आणि उपलब्ध नोंदींपैकी जगातील पहिला तरता बंब तो हाच समजला जातो. ज्या हातांनी वल्ही मारून आगीपाशी पोहोचावयाचे, त्याच थकलेल्या हातांनी मग पंपाचे दांडे वरखाली करावयाचे, असा तो प्रकार होता; परंतु नदीच्या काठावरच्या वखारींना आपल्या पाठीशी कोणीतरी आहे असे त्या दिवशी पहिल्यांदा वाटले असेल.

१८३३ साली या कंपन्यांनी आपली पथके एकत्र करून एक संस्था उभारली आणि जेम्स ब्रेडवुड या एडिंबरोहून आलेल्या, अत्यंत कर्तव्यनिष्ठ अशा अंमलदाराकडे तिचा कारभार सोपविला. २२ जून १८६१ रोजी टूली स्ट्रीटलगतच्या वखारींना आग लागली. तिथे अंबाडी, कापूस, साखर, मसाले आणि चरबी असा जळावयास उत्सुक माल थप्प्यांनी रचलेला होता, आणि नदीला नेमकी ओहोटी लागलेली होती. पाणी काठापासून दूर गेलेले, नळांतून ते वेळेवर मिळेना, आणि वितळलेली चरबी पेटून नदीच्या पृष्ठभागावर पसरू लागली. आपल्या माणसांची विचारपूस करीत फिरत असता अंगावर भिंत कोसळून ब्रेडवुड ठार झाले. आग पुरती शमण्यास दोन आठवडे लागले. भरती-ओहोटीच्या जागी पाणी सदैव हाताशी असते हा भरवसा किती फसवा आहे, हे या आगीने दाखविले. ज्या दिवशी नदी मागे हटलेली असेल, त्या दिवशी तिच्यामागे मधल्या प्रवाहात जाऊन तिथून पाणी ओढणारे साधन शहरापाशी हवे.

ते साधन वाफेने आणि पोलादाने घडविले, आणि त्याला खरे मोठेपण दिले ते न्यूयॉर्कने. तीन बाजूंनी पाण्याने वेढलेले, शेकडो धक्क्यांचे ते शहर; तिथे १८७५ साली ‘विल्यम एफ. हॅवमायर’ नावाची वाफेची अग्निनौका अग्निशमन खात्यात दाखल झाली आणि त्यानंतर अशा नौकांची एक परंपराच चालू राहिली. १९३१ साली बांधलेली ‘जॉन जे. हार्वी’ ही त्या परंपरेतील एक. तिला ज्या माणसाचे नाव दिले तो कोणी महापौर नव्हता की धनिक नव्हता. तो याच खात्यातला सुकाणूधारी. १९३० च्या फेब्रुवारीत एका जर्मन जहाजाची आग विझविताना झालेल्या स्फोटात तो मरण पावला. १९३८ साली विल्यम फ्रान्सिस गिब्ज या विख्यात नौकाशिल्पज्ञाने ‘फायर फायटर’ ही नौका आखली. ‘हार्वी’ मिनिटाला १८,००० गॅलन पाणी फेकू शके, आणि ‘फायर फायटर’ २०,००० गॅलन, म्हणजे सुमारे ७५,००० लिटर.

या आकड्यांमागची कारागिरी डोळ्यांसमोर आणण्यासारखी आहे. नौकेच्या तळाला, पाण्याखाली, जाळी बसविलेली मोठी तोंडे असतात; त्यांतून पंप समुद्र आत ओढतात आणि डेकवर उभ्या असलेल्या, तोफेसारख्या चहूकडे फिरणाऱ्या जाड तोट्यांतून बाहेर फेकतात. जमिनीवरच्या बंबाला विहीर, टाकी किंवा नळ शोधावा लागतो, हिची विहीर हिच्या पोटाखालीच असते आणि ती कधी आटत नाही. पण तोटीतून पाणी ज्या बळाने पुढे जाते त्याच बळाने ते नौकेला मागे रेटते. बंदुकीचा दस्ता जसा खांद्याला धक्का देतो, तसा हा धक्का, फरक एवढाच की तो तासनतास अखंड चालू राहतो. म्हणून सुकाणूवरच्या माणसाला झोताच्या रेट्याविरुद्ध, प्रवाहाविरुद्ध आणि वाऱ्याविरुद्ध नौका एका जागी तोलून धरावी लागते, आणि तीही ज्वाळांच्या इतक्या जवळ, की अंगावरचा रंग फोडाफोडांनी सुटू लागावा. तोटीवर उभा असलेला माणूस लोकांच्या नजरेत भरतो; नौका मात्र सुकाणूवरच्या माणसाच्या मनगटावर उभी असते.

आग विझविण्याइतकेच माणसे वाचविणे हेही तिचे काम, आणि ते कधी कधी तिच्या घडणाऱ्याच्याही कल्पनेपलीकडे गेले. १५ जून १९०४ रोजी न्यूयॉर्कच्या ईस्ट नदीत ‘जनरल स्लोकम’ ही सहलीची आगबोट पेटली, तेव्हा तिच्यावरच्या नळ्या कुजलेल्या होत्या, पाणी सोडताच त्या फाटल्या, आणि कमरेला बांधावयाच्या बुचाच्या पट्ट्यांचा भुगा झालेला होता. बहुसंख्येने बायकामुले असलेले हजाराहून अधिक उतारू काठ दिसत असताना मृत्यू पावले. जहाजाची स्वतःची सामग्री निकामी ठरल्यावर बाहेरची मदत किती मिनिटांत पोहोचते यावर सारे अवलंबून असते, आणि तेवढी मिनिटेही त्या बापड्यांना मिळाली नाहीत. लंडनची ‘मॅसी शॉ’ ही १९३५ सालची नौका थेम्सच्या पुलांखालून भरतीच्या वेळीही जाता यावे म्हणून बुटकी आणि उथळ तळाची बांधलेली होती. १९४० च्या मेअखेर डंकर्कच्या किनाऱ्यावर अडकलेल्या सैन्यासाठी लहानमोठ्या होड्या निघाल्या, तेव्हा लंडनच्या बंबवाल्यांनी ही नौका घेऊन इंग्लिश खाडी ओलांडली. ज्या उथळ पाण्यात युद्धनौकांना शिरता येत नव्हते तिथे तिचा बुटकेपणा कामी आला, आणि ५०० हून अधिक सैनिकांना तिने त्या वाळूवरून उचलले. त्याच वर्षी पुढे लंडनवर बाँब पडू लागले, रस्त्याखालचे नळ फुटले, आणि नदीवरचे हे बंब जमिनीवरच्या बंबांना पाणी पुरवू लागले.

पाणी भरपूर मिळू लागले, तेव्हा एक नवा धोका पुढे आला. ९ फेब्रुवारी १९४२ रोजी न्यूयॉर्कच्या धक्क्याला ‘नॉर्मंडी’ हे फ्रेंच जहाज सैनिकी कामासाठी बदलण्याचे काम चालू होते. तिथे पोलाद कापताना उडालेल्या ठिणगीने तरंडपट्ट्यांच्या ढिगाला आग लागली. अग्निनौकांनी नदीच्या बाजूने पाण्याचा मारा केला आणि आग आटोक्यातही आली. पण वरच्या मजल्यांवर साचलेले ते पाणी कुठे जाणार? जहाज हळूहळू एका अंगावर कलू लागले. त्याचा आराखडा करणारे शिल्पज्ञ युरकेविच त्या वेळी न्यूयॉर्कमध्येच होते. तळाच्या झडपा उघडा, जहाज उथळ तळावर सरळ बसवा, असे सांगावयास ते धक्क्यावर आले, परंतु त्यांचे कोणी ऐकून घेतले नाही. उत्तररात्री ते अवाढव्य जहाज आपल्याच पोटातल्या पाण्याच्या भाराने आडवे झाले. पाणी किती घालावे, कुठे घालावे आणि कधी थांबावे, ही विद्या पंपाच्या ताकदीहून वेगळी आहे. ती नसेल तर ताकदच घात करते.

सुमारे सव्वा वर्षाने त्याच बंदरात या विद्येची परीक्षा झाली. २४ एप्रिल १९४३ रोजी, ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी, न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरील दारूगोळ्याच्या धक्क्याला ‘एल एस्टेरो’ या मालवाहू जहाजाच्या बाष्पकात आग लागली. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके. आसपासच्या जहाजांत आणि धक्क्यावरच्या रेल्वेच्या डब्यांत आणखी हजारो टन. जहाज बुडवून टाकावे म्हणावे तर तळाच्या झडपा यंत्रघरात, आणि यंत्रघर ज्वाळांनी भरलेले. तेव्हा तटरक्षक दलाच्या अंमलदारांनी ठरविले की जहाज इथून हलवावयाचे. ‘फायर फायटर’ आणि ‘हार्वी’ दोन्ही बाजूंना आल्या, त्यांच्या नळ्या जहाजावर चढविण्यात आल्या, आणि टग बोटींनी दोर बांधून त्या पेटत्या जहाजाला ओढत खाडीच्या मोकळ्या पाण्याकडे नेण्यास सुरुवात केली. तटरक्षक दलाचे स्वयंसेवक डेकवर उभे राहून तापलेल्या दारूगोळ्यावर पाणी मारीत राहिले; महापौर ला ग्वार्डिया यांनी आकाशवाणीवरून लोकांना खिडक्यांपासून दूर राहण्यास सांगितले. रॉबिन्स रीफच्या दीपगृहाजवळ पोहोचल्यावर अग्निनौकांनी ‘नॉर्मंडी’च्या वेळी जे नकळत घडले तेच या वेळी जाणूनबुजून केले: जहाजाची कोठारे पाण्याने भरून टाकली, इतकी की ते बुडाले. स्फोट झाला नाही. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कने नेहमीप्रमाणे ईस्टर साजरा केला.

यानंतर वर्ष पुरे होण्यास दहा दिवस उरले असता आपल्या मुंबईत ते घडले.

‘फोर्ट स्टिकिन’ हे सात हजार टनी जहाज १९४४ च्या फेब्रुवारीत इंग्लंडातील बर्कनहेडहून निघाले, कराचीला थांबून १२ एप्रिलला मुंबईस आले आणि व्हिक्टोरिया गोदीत लागले. त्याच्या पोटात १,३९५ टन स्फोटके होती. म्हणजे जवळजवळ ‘एल एस्टेरो’इतकीच. कराचीला त्यावर ८,७०० गासड्या कापूस, वंगणतेलाची पिंपे, लाकूड, गंधक असा माल चढविण्यात आला होता, आणि कापूस ज्या दोन नंबरच्या कोठारात ठासला होता त्याच कोठारात वरच्या मजल्यावर स्फोटके रचलेली होती. स्फोटके असल्याची खूण म्हणून लावावयाचा लाल बावटा जहाजावर नव्हता. १४ एप्रिलच्या दुपारी दोनच्या सुमारास त्या कोठारातून धूर निघताना दिसला.

दाबून बांधलेल्या कापसाच्या गासडीची आग ज्यांनी पाहिली आहे, गिरणगावात ती पाहिलेली माणसे एके काळी घरोघर होती, त्यांना ठाऊक आहे की ती वरून विझते आणि आतून जगते. पाणी गासडीच्या पोटात शिरत नाही, विस्तव मात्र शिरतो. नॉर्मन कूम्ब्ज यांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे बंबवाले आले, गोदीतले तरते बंब आले, आणि जहाजात ९०० टनांहून अधिक पाणी ओतले गेले. ते पाणी कोठारात चढू लागले तसा कापूस त्यावर तरंगू लागला, आणि जळत्या गासड्या पाण्यासोबत वर, स्फोटकांच्या मजल्याकडे सरकू लागल्या. आग नेमकी कुठे आहे ते कळावे म्हणून जहाजाच्या कुशीकडे पाहावे, तर एका जागी रंग फुगून उकळत होता. तिथे पोलाद कापून नळी आत घालावी म्हणून यंत्र आणविले, ते वेळेला चालले नाही. शेवटी जहाजाभोवतालचे पाणीच उकळू लागले.

इथे माझ्या मनात नेहमी ते दुसरे जहाज उभे राहते. तितकीच स्फोटके, तशीच आग, त्याच महिन्यातील दिवस. मग एक बंदर वाचले आणि दुसरे का उद्ध्वस्त झाले? आमचे बंबवाले धैर्यात कमी पडले असे म्हणण्यास कोणाची जीभ उचलणार नाही. फरक जागेचा होता. मुंबईच्या समुद्राला उधाणाच्या वेळी पाच मीटरांच्या आसपास चढउतार असतो. म्हणून आपल्या जुन्या गोद्या दरवाजांच्या, आत पाणी कोंडून ठेवणाऱ्या. असे कोंडलेले पाणी जहाजाला स्थिर ठेवते, ओहोटीतही तरते ठेवते, आणि व्यापाराला ते वरदानच आहे. पण पेटलेल्या जहाजाला ती कोठडी ठरते. बुडवावे तर खोली इतकी बेताची की जहाज थोडेसे खाली बसून तळाला टेकले असते आणि वरची स्फोटके पाण्याबाहेरच राहिली असती. बाहेर ओढून न्यावे तर वेळ हवा, आणि वेळेपेक्षाही निर्णय हवा. तो निर्णय घेण्याचा अखेरचा अधिकार कोणाचा, हेच त्या दोन तासांत ठरले नाही. जहाजाचा कप्तान, गोदीचे व्यवस्थापक, लष्करी अंमलदार, बंबाचे प्रमुख, प्रत्येकाचे मत होते आणि प्रत्येकाची सत्ता आपापल्या खात्यापुरती होती. पुढे सर लिओनार्ड स्टोन यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीनेही एकमुखी हुकमतीच्या अभावाकडे बोट दाखविले. न्यूयॉर्कच्या अग्निनौकांना मोकळे पाणी होते आणि एकाचा हुकूम होता. आमच्या तरत्या बंबांना चार भिंतींतले पाणी आणि चारचौघांचा खल.

तीन वाजून पन्नास मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, आणि चार चौतीसला दुसरा. बारा किलोमीटरवरच्या काचा फुटल्या. सिमल्याच्या भूकंपमापकावर रेघ उमटली. सिंदिया कंपनीचे सुमारे ४,००० टनी ‘जलपद्मा’ उचलले जाऊन धक्क्यावर फेकले गेले. जळता कापूस मांडवी आणि मशीद बंदरच्या दाट वस्तीवर पावसासारखा पडला. जहाजात सोन्याच्या लगडीही होत्या. त्यांतील एक मैलभर दूरच्या एका पारशी गृहस्थाच्या घराचे छत फोडून आत आली आणि त्याने ती इमानाने परत केली. बंगालच्या दुष्काळाच्या छायेतील त्या वर्षी ५०,००० टनांहून अधिक धान्य जळून गेले, सुमारे ८०,००० लोक निराश्रित झाले. अधिकृत गणनेने मेलेल्यांचा आकडा सात-आठशेच्या घरात जातो. त्याहून पुष्कळ मोठे अंदाजही केले गेले आहेत, कारण गोदीत रोजंदारीवर आलेल्या माणसांची हजेरी घेण्यास त्या रात्री कोणी शिल्लक नव्हते. कप्तान नाइस्मिथ यांचा देह सापडला नाही. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, ८३ जखमी झाले. त्यांतील बहुतेकांच्या हातात त्या क्षणी नळीच होती. जहाज सोडण्याचा हुकूम झाल्यानंतरही ती खाली ठेवली गेली नव्हती.

युद्धकाळ असल्याने बातमीवर बंदी होती. ज्या शहराच्या काचा फुटल्या त्यालाच काय फुटले हे कित्येक दिवस छापून सांगता आले नाही. आग तीन दिवसांनी आटोक्यात आली, आणि मलबा काढण्यास हजारो माणसांना सात महिने लागले. दर वर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळला जातो तो याच दिवसाच्या स्मरणार्थ, आणि भायखळ्याच्या बंबखान्यात त्या दिवशी सकाळी गणवेशातले जवान स्मारकापाशी रांगेने उभे राहतात.

‘जॉन जे. हार्वी’ सेवेतून निवृत्त होऊन लिलावात विकली गेली होती. तरीही ११ सप्टेंबर २००१ रोजी मॅनहटनचे रस्त्याखालचे नळ निकामी झाले तेव्हा तिला पुन्हा हाक आली, आणि सत्तर वर्षांची ती नौका हडसनचे पाणी ओढून सुमारे ऐंशी तास बंबांना पुरवीत राहिली. ‘मॅसी शॉ’ही डागडुजी होऊन थेम्सवर आहे. आपल्याकडे जपण्यासारखी नौका उरली नाही. २०११ च्या फेब्रुवारीत मुंबई बंदरातील गाळ उपसताना ‘फोर्ट स्टिकिन’वरचे सोने मिळाले. व्हिक्टोरिया गोदी मात्र आता भरून टाकली आहे. ज्या पाण्यात ते जहाज बुडविता आले नाही, त्या पाण्याच्या जागी पक्की जमीन झाली आहे.